फरशी, मिस्त्री आणि उक्ते काम: महाराष्ट्रातील घरांच्या जमिनीचा इतिहास

महाराष्ट्रातील घरबांधणीविषयी लिहिताना वाड्यांच्या कमानी, कौलारू छपरे आणि कोरीव खांब यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने पायाखालच्या जमिनीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत घराचा दुसरा कोणताही भाग जमिनीइतक्या वेळा पालटलेला नाही. शेणाने सारवलेली माती, शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, नक्षीदार सिमेंट लादी, संगमरवरी चिप्सची मोझॅक फरशी, सिरॅमिक टाइल आणि शेवटी व्हिट्रिफाइड टाइल अशी ही परंपरा आहे. प्रत्येक पालटाबरोबर जमीन करणारा माणूस बदलला, त्याला मोबदला देण्याची रीत बदलली आणि काम बिघडले तर भरपाई कोणी करायची, या प्रश्नाचे उत्तरही बदलत गेले. आज घरात टाइल बसवण्यासाठी ओळखीतला ठेकेदार शोधणाऱ्या कुटुंबाला ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांची मुळे या स्थित्यंतरांत सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सामान्य घराची जमीन मातीची होती आणि ती विकत घेण्याची वस्तू नव्हती. प्रथम मुरूम पसरायचा, त्यावर चाळलेली माती घालून पाणी शिंपडायचे आणि चोपण्याने, म्हणजे मूठ असलेल्या जाड सपाट लाकडी अवजाराने, ती दिवसभर ठोकायची. माती घट्ट बसून ठोकण्याचा आवाज टणक येऊ लागला की जमीन झाली असे समजत. त्यावर शेण कालवून हाताने सारवण घालत. शेणातील तंतूंमुळे मातीच्या वरच्या थराला भेगा कमी पडत आणि धूळ उडत नसे. कोकणात पावसाळा संपल्यावर अंगण नव्याने करताना शेजारपाजारची माणसे एकमेकांच्या घरी राबत. या श्रमाचा मोबदला पैशात न देता परतफेडीच्या श्रमात दिला जाई. सारवणाचे काम जवळजवळ सर्वस्वी बायकांचे होते आणि ते दर काही दिवसांनी करावे लागे. त्यामुळे ज्यांनी जमीन केली त्याच तिची डागडुजी करीत, आणि दोष कोणाचा हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते.

वाड्यांची स्थिती वेगळी होती. पुण्यातील शनिवारवाड्यासारख्या, 1730 ते 1732 या काळात उभ्या राहिलेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या वास्तूंत चौक, पायऱ्या व पाण्याच्या जागा घडीव दगडाच्या असत, तर वाड्यांच्या माडीवर बहुधा तक्तपोशी, म्हणजे तुळयांवर ठोकलेल्या फळ्या, आणि तिच्यावर मातीचा थर अशी रचना असे. दगड काढणे व फोडणे हे वडार आणि बेलदार यांचे, तो घडवणे पाथरवटाचे आणि चुन्यात बसवणे गवंड्याचे काम होते. सुतार, लोहार, कुंभार यांसारख्या बलुतेदारांना वर्षाच्या सुगीत धान्याचा ठरलेला वाटा मिळत असे. दगडकाम व गवंडीकाम मात्र वर्षभर एकाच गावात पुरेल इतके नसे, म्हणून ते करणारे कारागीर फिरते राहिले आणि त्यांचा व्यवहार रोजमुऱ्यावर किंवा उक्त्यावर चालला. रोजमुऱ्यात दिवसाची मजुरी ठरते, तर उक्त्या कामात संपूर्ण कामाचा एकच आकडा ठरवून कारागीर ते अंगावर घेतो. पुढच्या काळात बांधकामाच्या ठेक्याची सारी रूपे या दोन पद्धतींच्या आधारानेच घडली.

फरशीला बाजारातील माल बनवले ते रेल्वेने. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1860 मध्ये सोलापूरपर्यंत आणि 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला. या मार्गावर, त्या वेळच्या निजामाच्या राज्यात आणि आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबाद हे गाव आहे. तेथील चुनखडक पातळ थरांनी बनलेला असल्यामुळे पहारीने उचकटला की त्याच्या सपाट लाद्या निघतात आणि त्यांना फारसे तासावे लागत नाही. रेल्वेमुळे हा जड माल सोलापूर, पुणे आणि मुंबई येथे परवडणाऱ्या भावात येऊ लागला आणि ‘शहाबादी’ हे नाव मराठी घरात रुळले. लादीच्या कडा छिन्नीने सरळ करायच्या, चुन्याच्या थरावर ती टेकवायची, मोरीकडे ढाळ द्यायचा आणि सांधे भरायचे, एवढे काम गवंडी सहज करी. जाडी कमी-अधिक असलेली प्रत्येक लादी खालचा चुना वाढवून किंवा काढून समपातळीत आणावी लागे, आणि तेच त्याचे मुख्य कसब होते.

या बदलाला आरोग्याच्या प्रश्नानेही जोर दिला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले, तेव्हा निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली घरांच्या मातीच्या जमिनी उकरण्यात आल्या आणि लोकांच्या रोषाच्या कारणांत याही कृत्याची भर पडली. मुंबईत 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बी.डी.डी.) बांधलेल्या चाळींच्या काळात पाणी न शोषणारी, धुता येणारी जमीन ही नागरी घराची गरज मानली जाऊ लागली. या बांधकामांवर निजामाच्या राज्यातून आलेल्या कामाठी मजुरांनी मोठ्या प्रमाणावर काम केले. मुंबईतील कामाठीपुरा या वस्तीचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच, ठेक्याच्या व्यवहारात मोठी फूट पडली होती. 1854 नंतर आकाराला आलेल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने कामाचे अंदाजपत्रक, निविदा, दरसूची, मोजमाप पुस्तिका आणि अनामत रक्कम ही पद्धत रूढ केली. फरशीचे क्षेत्रफळ ब्रासमध्ये, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या मापात, मोजले जाई, चुन्याचे व वाळूचे प्रमाण कागदावर लिहिलेले असे आणि दोष आढळल्यास अनामत रकमेतून कपात होई. 1872 च्या भारतीय करार कायद्याने तोंडी करारालाही मान्यता दिली असल्यामुळे घरगुती कामाला कागदाची सक्ती नव्हती. परिणामी सरकारी कंत्राटदार लेखी शर्तींनी बांधला गेला, आणि घरमालक व गवंडी यांचा व्यवहार मात्र ओळख, शब्द आणि इसार यांवर चालत राहिला. एकच गवंडी सकाळी सरकारी इमारतीवर मोजमाप पुस्तिकेप्रमाणे आणि सुटीच्या दिवशी एखाद्या घरी शब्दावर काम करू शकत होता.

नक्षीची फरशी प्रथम सार्वजनिक इमारतींतून आली. मुंबईच्या राणीच्या बागेशेजारी 1872 मध्ये खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन कारखान्याच्या भाजलेल्या मातीच्या टाइल्स आहेत. रंगीत माती एकमेकींत भरून भट्टीत भाजलेली ही टाइल आयातीची आणि महाग होती. तिच्यासारखी नक्षी भट्टीशिवाय करण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समध्ये सिमेंटच्या उद्योगाबरोबर विकसित झाली. भारतात 1914 च्या सुमारास पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि 1922 साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेने भारत टाइल्स हा उद्योग काढला. त्या काळच्या मुंबईतील कितीतरी इमारतींच्या जिन्यांत व दिवाणखान्यांत त्यांच्या सिमेंटच्या टाइल्स आजही पाहायला मिळतात.

या टाइलची कृती पाहिली म्हणजे पुढे काय बदलले याची कल्पना येते. गुळगुळीत लोखंडी पत्र्यावर चौकट ठेवून तिच्यात पितळी पट्ट्यांचा साचा बसवतात. साच्याच्या प्रत्येक खणात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड व खनिज रंग यांचा पातळ घोळ पळीने ओततात. मग साचा अलगद उचलतात, तेव्हा रंग एकमेकांना चिकटतात पण मिसळत नाहीत. त्यावर सिमेंट-वाळूचे कोरडे मिश्रण चाळून पसरले की ते घोळातील जास्तीचे पाणी शोषून घेते. पाठीमागे जाड मिश्रणाचा थर देऊन चौकट दाबयंत्राखाली जाते. निघालेली टाइल भाजत नाहीत, ती पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्यामुळे पायांनी घासूनही नक्षी अनेक दशके टिकते. अशी फरशी बसवताना मिस्त्री प्रथम खोलीचा मध्य काढतो, गुण्या लावून काटकोन तपासतो, दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणतो आणि मधल्या नक्षीपासून कडेच्या पट्टीकडे सरकतो, म्हणजे कापलेले तुकडे भिंतीलगत जाऊन नजरेआड राहतात. घडीव दगडाच्या काळातील गवंडी आता नकाशा वाचणारा मिस्त्री झाला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर नक्षीची जागा मोझॅक टाइलने घेतली. संगमरवराच्या बारीक चिप्स सिमेंटमध्ये मिसळून दाबलेली ही दहा इंची चौरस टाइल बसवून झाल्यावर खडबडीतच असे. आठवडाभर पाणी मारून ती मुरली की पॉलिशवाला घासयंत्र घेऊन येई, आणि पाण्याच्या राडीतून हळूहळू चिप्स चमकू लागत. टाइल्समधील लहानसहान उंचसखलपणा घासून निघत असल्यामुळे बसवणाऱ्याची चूक पॉलिशवाला काही अंशी झाकून घेई. या काळातील घरमालकाला मिस्त्री आणि पॉलिशवाला असे दोन स्वतंत्र व्यवहार करावे लागत आणि दोष कोणाचा, हा वाद प्रथम येथे सुरू झाला.

घरमालक आणि मिस्त्री यांच्यात तिसरा माणूस आला तो सदनिकांमुळे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील मातीचे वाडे कोसळले. त्यानंतर सहकारी सोसायट्या आणि सदनिकांच्या इमारती झपाट्याने वाढल्या. 1963 च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने बिल्डरने सुविधांचा व साहित्याचा तपशील खरेदीदाराला देणे बंधनकारक केले, म्हणून फरशीचा प्रकार छापील करारात आला. मात्र ती फरशी बसवणारा बिल्डरच्या ठेकेदाराचा माणूस असल्यामुळे घरमालकाची आणि त्याची भेटच होईनाशी झाली. पुढे पंधरा-वीस वर्षांनी घर नव्याने करायची वेळ आली, तेव्हा जमीन करून घेण्याचा कोणताही पूर्वानुभव नसलेली पिढी प्रथमच स्वतः मिस्त्री शोधू लागली.

सिरॅमिक टाइल घरात आधी भिंतीवर आली. एच. अँड आर. जॉन्सन या कंपनीने 1958 साली भारतात पाऊल ठेवले आणि तिच्या ठाण्यातील कारखान्यातून निघालेली सहा इंची पांढरी टाइल न्हाणीघरात आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागे लागू लागली. सिरॅमिक टाइल म्हणजे चिकणमाती, फेल्डस्पार व क्वार्ट्झ यांची कोरडी पूड दाबून भट्टीत भाजलेली आणि वरून काचेसारखी चकाकी दिलेली पातळ पाटी. या मालाचे मोठे केंद्र पुढे सौराष्ट्रात वाढले. तेथील कुंभारकामाच्या उद्योगाला मराठी माणसाचा हातभार लागला होता. परशुराम गणपुले यांनी स्थापन केलेल्या परशुराम पॉटरी वर्क्सने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थानगढ-मोरबी परिसरात चिनी मातीच्या उद्योगाचा पाया घातला. मोरबीत आरंभी छपराच्या कौलांचे कारखाने अधिक होते. 11 ऑगस्ट 1979 च्या मच्छू धरणाच्या दुर्घटनेतून सावरलेल्या या गावाने भिंतीच्या आणि नंतर जमिनीच्या टाइल्सकडे मोर्चा वळवला, आणि आज देशातील सिरॅमिक टाइल्सचा फार मोठा हिस्सा तेथूनच येतो. 1990 नंतर सुमारे 1200 अंश सेल्सियसला भाजलेली व्हिट्रिफाइड टाइल बाजारात आली. तिची पूड भट्टीत इतकी एकजीव होते की ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. भिंतीच्या साध्या टाइलमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असते.

मिस्त्रीच्या कामाचे स्वरूप येथे मुळापासून पालटले, पण त्याची जाणीव फार उशिरा झाली. मातीच्या, दगडाच्या आणि मोझॅकच्या जमिनीचा पृष्ठभाग जागेवरच तयार होत असे. टाइल मात्र कारखान्यातून पूर्ण होऊन येते आणि मिस्त्रीने फक्त तिच्या खालची बाजू सांभाळायची असते. जुन्या रिवाजाप्रमाणे भिंतीची टाइल तासन्‌तास पाण्यात भिजवून सिमेंटच्या घोळावर बसवतात. ती पाणी पिते, म्हणून सिमेंट तिला धरते. व्हिट्रिफाइड टाइल पाणीच पीत नाही, त्यामुळे तिला हीच रीत लावली तर काही महिन्यांत पाठीमागची पकड सुटते आणि टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते. चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी सिमेंटचे गोळे ठेवून टाइल टेकवण्याची सवयही अशीच घातक ठरते, कारण मधल्या पोकळीवर जड वस्तू पडली की टाइल तडकते. सांधा न ठेवता टाइल्स एकमेकींना भिडवल्या तर उन्हाळ्यात त्यांना फुगायला जागा उरत नाही आणि खोलीच्या मध्यावरची ओळ तंबूसारखी उचलली जाते. यांवर उपाय म्हणून चिकटवण्याचे तयार मिश्रण, ते पसरवण्याची दातेरी थापी आणि दोन टाइल्समध्ये ठेवण्याचे प्लास्टिकचे स्पेसर आले. त्यांचा खर्च मात्र टाइलच्या किमतीत धरलेला नसल्यामुळे घरमालकाला तो अनावश्यक वाटतो.

कामगारांची जडणघडणही बदलली आहे. मकराण्याच्या संगमरवराबरोबर राजस्थानातून आलेले कारागीर आणि उत्तर प्रदेश, बिहार व बंगालमधून आलेल्या टोळ्या आज मुंबई-पुण्यातील फरशीकामाचा मोठा भाग उचलतात. ठेकेदार बहुतेक वेळा स्थानिक असतो, त्याच्या हाताखाली दोन-तीन मिस्त्री आणि तेवढेच बिगारी असतात, आणि काम कमी पडले तर तो मजूर अड्ड्यावरून माणसे आणतो. टाइल कापण्याच्या यंत्रातून उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीमुळे फुप्फुसाचा असाध्य विकार होऊ शकतो, तरी पाणी सोडून कापण्याची आणि मुखपट्टी बांधण्याची शिस्त घरगुती कामांवर क्वचितच पाळली जाते. बांधकाम कामगारांसाठी केलेल्या 1996 च्या कायद्यातूनही स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम वगळण्यात आले होते. याचा अर्थ असा की ज्या कामांवर टाइल मिस्त्री वर्षभर जगतो, नेमकी ती कामे कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिली.

व्यवहाराची भाषा मात्र जुन्या वळणाचीच आहे. ठेकेदार एकतर फक्त मजुरीचा दर चौरस फुटावर सांगतो किंवा मालासकट उक्ते काम घेतो. कामाच्या आधी उचल मागतो आणि उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने घेतो. जमिनीचा दर ठरला तरी भिंतीलगतची स्कर्टिंगची पट्टी धावत्या फुटांवर वेगळी मोजली जाते, कडा घासण्याचे पैसे वेगळे, जुनी फरशी उखडण्याचे वेगळे आणि राडारोडा वाहून नेण्याचे वेगळे. कापण्यात वाया जाणारा माल साधारण पाच ते दहा टक्के धरतात. तो कमी धरला तर मध्येच टाइल अपुरी पडते आणि नंतर आणलेल्या खोक्यावरचा छटेचा क्रमांक वेगळा निघाला तर रंगातला फरक डोळ्यांत खुपतो. टाइल उचलली गेली की कारखानदार बसवण्याच्या पद्धतीकडे, दुकानदार मिस्त्रीकडे आणि मिस्त्री खालच्या स्लॅबकडे बोट दाखवतो. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या कायद्याने पैसे देऊन घेतलेल्या अशा सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. पण काय ठरले होते याचा कागद नसेल तर त्रुटी सिद्ध करणे अवघड जाते.

बायकांनी सारवलेल्या जमिनीला करार लागत नव्हता, कारण करणारी आणि वापरणारी माणसे एकच होती. सरकारी फरशीला तो पहिल्यापासून होता, कारण दोन्ही बाजू परक्या होत्या. आजचे घर या दोहोंच्या मध्ये अडकले आहे: माणसे परकी झाली, पण व्यवहार घरोब्याचाच राहिला. ओळखीचा ठेकेदार नेमण्यात गैर काही नाही, उलट त्याने केलेले दोन-तीन वर्षांपूर्वीचे काम पाहता येते आणि टाइल ठोकून आवाज ऐकता येतो, ही स्थानिक माणसाची मोठी जमेची बाजू आहे. तथापि दर कशाचा, मोजमाप कसे, खाली सिमेंट की चिकटवण्याचे मिश्रण, सांधा किती मिलिमीटरचा, न्हाणीत ढाळ कोणीकडे आणि पोकळ निघालेली टाइल किती काळ फुकट बदलून मिळेल, एवढ्या बाबी एका कागदावर लिहून दोघांनी सही करणे हे काम सुरू होण्यापूर्वीच झाले पाहिजे. सार्वजनिक बांधकाम खात्याने जी शिस्त दीडशे वर्षांपूर्वी स्वीकारली, ती घरगुती कामात आणण्यास आता तरी उशीर करू नये. त्यात घरमालकाचे जेवढे हित आहे, तेवढेच वेळेवर पूर्ण मोबदला मिळण्याची हमी हव्या असलेल्या मिस्त्रीचेही आहे.